तेराव्या वचनापासून

हे प्रकरण आमच्या मंडळीतील संडे स्कूलच्या शिक्षकांपुढे चर्चेसाठी ठेवायचे म्हणून मी लिहून काढले. विषय आमचा नेहमीचाच आहे: घरात, शेतात आणि चर्चमध्ये रोज घडणाऱ्या गोष्टींतून मुलांना विश्वासाचे धडे कसे द्यावेत. यातील कुटुंबाची नावे मी दिलेली नाहीत. घरातल्या हाकांनीच माणसांचा उल्लेख केला आहे. दोन्ही भावांनी मजकूर वाचला, त्यात एकेक दुरुस्ती सुचवली आणि मग मंडळीपुढे ठेवण्यास संमती दिली. त्या दोन्ही दुरुस्त्या पुढे सांगितल्या आहेत.

गाव जळगाव जिल्ह्यात तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याकडे आहे. केळी, कापूस आणि हिवाळ्यात हरभरा किंवा दादर ज्वारी अशी तिथली शेती. खानदेशात मिशनरी आले त्या काळात, म्हणजे जुन्या एकाच खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले त्याच्या आगेमागे, ज्या कुटुंबांनी ख्रिस्ती विश्वास स्वीकारला त्यांपैकी हे एक असल्याचे घरात सांगतात. आजीला लिहितावाचता येत नाही, पण नारायण वामन टिळकांची दहा-बारा भजने तिला तोंडपाठ आहेत आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत सूर तीच धरते. तिला दोन मुलगे आहेत, थोरले आप्पा आणि धाकटे नाना, आणि एक मुलगी, जी भुसावळला दिली आहे. आजोबा गेले तेव्हा नऊ एकर जमीन होती. आप्पांनी आईला सांभाळायचे म्हणून त्यांच्याकडे पाच एकर आणि नानांकडे चार, अशी वाटणी झाली. बहिणीने हक्कसोड पत्रावर सही केली. विहीर मात्र एकच आणि ती आप्पांच्या बांधाआत आली. सातबाराच्या इतर हक्कांत नानांचा हिस्सा लागलेला आहे. वाद हिश्श्याचा नव्हता, पाळीचा होता. जमीन पाचास चार म्हणून पाणीही नऊ दिवसांत पाच दिवस आणि चार दिवस, हे आप्पांचे म्हणणे. विहीर बापाची म्हणून पाणी निम्मे-निम्मे, हे नानांचे. पाळी शेवटी पाच-चार अशीच चालू राहिली, आणि भावाभावांचे बोलणे थांबले. या गोष्टीला तीन वर्षे झाली होती.

चुली वेगळ्या झाल्या तरी संध्याकाळची प्रार्थना एकत्र राहिली, कारण ती आजीच्या ओसरीवर होत असे आणि आजीला नाही म्हणण्याची दोघांपैकी कोणाची तयारी नव्हती. एकमेकांशी चकार शब्द न बोलणारे दोन सख्खे भाऊ रोज साडेसातला एकाच सतरंजीच्या दोन टोकांना बसत आणि प्रभूच्या प्रार्थनेत आपल्या ऋण्यांस ऋण सोडल्याचे एका सुरात म्हणत. बाहेरच्या माणसाला यात ढोंग दिसेल. मला तसे वाटत नाही. त्या घरात बोलण्याचा तेवढाच एक धागा शिल्लक होता आणि तो कोणी तोडला नव्हता, हे मी जमेच्याच बाजूला धरते.

नानांना धडे काढण्याची सवय होती. ही सवय त्यांना आमच्यामुळेच लागली. पालकांच्या सभेत बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील आज्ञा आम्ही वरचेवर सांगत असू: देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबव, घरी बसलेला असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोल. नानांनी ती अक्षरशः मनावर घेतली. भाकरी करपली तर धडा, मोटार जळाली तर धडा, शेळी चुकून दुसऱ्याच्या कळपात गेली तर मोठाच धडा. प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी ‘यावरून आपण काय शिकतो?’ हा प्रश्न ठरलेला. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीने एकदा वर्गात मला विचारले होते, ‘टीचर, काहीच न शिकता नुसती गोष्ट ऐकता येते का?’ मी तेव्हा हसले आणि विषय सोडून दिला. ती तक्रार होती, हे माझ्या लक्षात आले नाही.

नोव्हेंबरअखेरीस आमच्याकडे हंगामाचा सण असतो. शेतातले पहिले उत्पन्न लोक टोपल्यांतून आणून वेदीपुढे ठेवतात आणि उपासना संपली की त्याचा लिलाव होतो. त्या निमित्ताने मुलांना घरी वाचून यायला मी लूककृत शुभवर्तमानाचा बारावा अध्याय दिला: सोळा ते एकवीस ही वचने, मूर्ख धनवानाचा दृष्टांत. जमिनीला भरघोस पीक येते, कोठारे पुरत नाहीत, जुनी पाडून मोठी बांधण्याचा बेत होतो आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो. हंगामाच्या सणाला हा दृष्टांत इतका नेमका बसतो की दर दोन-तीन वर्षांनी आम्ही तो देतो, आणि दर वेळी सोळापासूनच देतो.

त्या संध्याकाळी वाचण्याची पाळी नानांच्या मुलीची होती. तिच्या बायबलमध्ये दृष्टांताचा मथळा तेराव्या वचनाच्या वर छापलेला होता, म्हणून तिने तेरापासून सुरुवात केली. तेराव्या वचनात दृष्टांत नाही. तिथे गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो की, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, त्याने वतन वाटून माझा हिस्सा मला द्यावा. आणि येशू त्याला विचारतो की, तुमच्यावर मला न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमले?

मुलगी वाचत गेली. ओसरीवरच्या कोणीही मान वर केली नाही. वाचन संपल्यावर नानांनी सवयीने धडा काढला: लोभ वाईट असतो, शाळेत चुलतभावाने मागितला तर डब्यातला घास त्याला द्यावा. मुलीने पुस्तक मिटले नाही. तिने विचारले, ‘पण येशूने वाटणी करून का नाही दिली?’ नाना थांबले. मग तिने दुसरा प्रश्न विचारला: ‘आणि त्या माणसाचा भाऊ तिथंच बसलेला होता का?’

आप्पा उठले आणि मोटार चालू करायला जायचे आहे म्हणाले. तेव्हा आठ वाजायचे होते. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्री दहानंतर येत होती आणि हे ओसरीवर बसलेल्या लहानग्यालाही ठाऊक होते.

आता मुलीच्या दोन प्रश्नांविषयी थोडे, कारण शिक्षक म्हणून आपल्याला ते टाळता येणार नाहीत. त्या माणसाची मागणी विचित्र नव्हती. वारशाच्या तंट्यात धर्मशास्त्र जाणणाऱ्या गुरूकडे जाणे ही त्या काळची रीतच होती. मोशेच्या नियमशास्त्रात वारशाचे नियम आहेत. थोरल्या मुलाला दुप्पट वाटा, हा अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. सलाफहादाच्या मुली आपल्याला भाऊ नाही म्हणून बापाचे वतन मागायला मोशेपुढे उभ्या राहिल्या, तेव्हा मोशेने त्यांना हुसकावून लावले नाही. देवाला विचारून त्यांच्या बाजूने निकाल दिला. गणनेच्या सत्ताविसाव्या अध्यायात ती हकिकत आहे. मग येशूच नकार का देतो? त्याच्या उत्तरातले शब्दही जुने आहेत. ‘तुला आमच्यावर न्यायाधीश कोणी नेमले?’ हा प्रश्न निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात दोन भांडणाऱ्या इब्र्यांपैकी एकाने मोशेला विचारला होता. तिथे तो उद्धटपणाने विचारलेला आहे. येशू तो स्वतःच्या तोंडी घेतो आणि बाजूला होतो. माझे मत असे की त्या माणसाला न्याय हवा नव्हता, आपल्या बाजूने गुरूचा शब्द हवा होता, आणि तो शब्द हातात घेऊन त्याला भावाकडे जायचे होते. येशू तो शब्द देत नाही. त्यानंतर लोभाविषयीचा इशारा आणि दृष्टांत येतो, पण वचन नीट पाहिले तर तो फक्त मागणाऱ्याला उद्देशून नाही. ‘त्यांना’ सांगितलेला आहे. भाऊ तिथे होता की नाही, लूक सांगत नाही. अकरा वर्षांच्या मुलीने नेमका तोच रिकामा भाग पकडला, कारण तिच्या घरात दोघेही भाऊ समोरासमोर बसलेले होते.

यापुढचा भाग माझ्या चुकीचा आहे आणि तो मी सविस्तर लिहिते. मुलीने शुक्रवारी मला घडलेले सांगितले. मला तो प्रसंग फार मोलाचा वाटला. जिवंत वचन घरात कसे शिरते याचे इतके चांगले उदाहरण माझ्या अठरा वर्षांच्या शिकवण्यात मला मिळाले नव्हते. शनिवारी फुलांची तयारी करताना मी ते पाळकांना सांगितले. त्यांनाही ते आवडले. रविवारी प्रवचनात त्यांनी ‘आपल्याच भागातल्या एका घरी’ अशी सुरुवात करून विहीर, दोन भाऊ, लहान मुलगी, सगळे सांगितले. नाव घेतले नाही. दीड-दोनशे माणसांच्या मंडळीत नाव घेण्याची गरजही नसते. तिसऱ्या वाक्याला माना वळल्या होत्या.

उपासनेनंतर लिलाव सुरू झाला. आप्पांच्या घरची टोपली भरिताच्या वांग्यांची होती: हिरवट पांढरी, मोठी, देठावर अजून पानाचा तुकडा असलेली. बोली लावणाऱ्याने टोपली उचलली आणि कोणी बोलेना. लोक संकोचले होते. शेवटी नानांनीच, अवघडलेपण संपावे एवढ्याच हेतूने, पाचशे रुपये म्हटले. आणि मंडळीने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना वाटले, प्रवचनाचे फळ डोळ्यांसमोर आले, भावाने भावाची टोपली घेतली. आप्पा मागच्या दाराने निघून गेले आणि त्यानंतर चार रविवार आले नाहीत. नाताळ त्यातच गेला. त्या चार आठवड्यांत ओसरीवरची प्रार्थनाही मोडली. जो धागा तीन वर्षे टिकला होता तो धडा काढण्याच्या आमच्या हौसेने तुटला.

बैठकीत काहींनी विचारले की पाळकांचा हेतू चांगला नव्हता का. होता. माझाही होता. पण घरातला प्रसंग ज्यांचा आहे त्यांना तो वर्गात, प्रवचनात किंवा साक्षीत वापरू द्यायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क त्यांचा असतो. आम्ही तो त्यांना विचारला नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात भावाचा अपराध दाखवायचा तर आधी एकट्याने, दोघांतच बोलायला सांगितले आहे. मंडळीला सांगणे ही त्यातली शेवटची पायरी आहे. आम्ही शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली, तीही ज्याने आमचा काही अपराधच केला नव्हता त्याच्या बाबतीत.

नाताळनंतरच्या आठवड्यात मी आप्पांच्या शेतावर क्षमा मागायला गेले. जाताना माझ्या मनात इसहाकाच्या विहिरी होत्या, हे कबूल करते. उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात इसहाकाचे चाकर विहीर खणतात, गराराचे गुराखी भांडतात, तो ती सोडून पुढची खणतो. पहिलीचे नाव एसेक, म्हणजे तंटा, दुसरीचे सितना, म्हणजे वैर, आणि तिसरीवर भांडण होत नाही म्हणून रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा. काय सुंदर जुळत होते! मी वाक्यही तयार केले होते. पण बांधावर पोहोचल्यावर त्यांच्या विहिरीत वाकून पाहिले आणि ते वाक्य गिळले. इसहाकाला पुढे सरकायला मोकळे रान होते. यावल-रावेरच्या पट्ट्यात भूजल किती खोल गेले आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. तिसरी विहीर खण असे आप्पांना सांगणे म्हणजे थट्टाच झाली असती.

मी फक्त चूक झाली असे म्हटले. आप्पा म्हणाले, ‘बाई, बसा,’ आणि मोटारीच्या खोलीतली खाट बाहेर काढली.

खोलीत स्टार्टरच्या पेटीशेजारी खिळ्याला सुतळीने टांगलेली दोनशे पानी वही होती. पाळीची वही. तारीख, मोटार चालू, मोटार बंद. आप्पांचा रकाना आणि नानांचा रकाना. आप्पा पेन्सिलने लिहितात, अक्षर मोठे आणि उजवीकडे कललेले. नानांचे निळ्या पेनाने, बारीक. तीन वर्षांत दोघांनी एकमेकांना कळवलेले सर्व काही त्या वहीत होते आणि ते सगळे आकड्यांत होते. पाने चाळताना मे महिन्यात एका ठिकाणी मी थांबले. नानांच्या रकान्यात ओळीने तीन रात्री पेन्सिलचे अक्षर होते. ते दिवस मला आठवत होते, कारण तेव्हा नानांची मुलगी तापाने जळगावला दवाखान्यात होती आणि नाना तिच्याजवळ होते. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसपर्यंत जातो आणि उष्ण वाऱ्याने केळीची पाने चिंध्या होतात. वारा अडवायला बागेभोवती शेवरी लावली तरी चार दिवस पाणी चुकले की घड हाती लागत नाही. नानांच्या पाळीच्या रात्री आप्पांनी जागून नानांच्या बागेला पाणी दिले होते आणि तास प्रामाणिकपणे नानांच्या रकान्यात लिहिले होते.

मी वहीवर बोट ठेवले. आप्पांनी माझ्याकडे न पाहता म्हटले, ‘केयीले काय समजते, कोनाची पायी?’ म्हणजे, पाळी कोणाची हे केळीला काय कळते?

मी काहीही म्हटले नाही. या संपूर्ण प्रकरणात मी नीट केलेली ती एकच गोष्ट असावी.

पहिल्या मसुद्यात मी ‘चार रात्री’ असे लिहिले होते. मजकूर वाचताना आप्पांनी ते खोडून ‘तीन’ केले. चौथ्या रात्री वीजच आली नव्हती. नानांची दुरुस्ती वेगळी होती. ते पेन्सिलचे अक्षर त्यांनी दवाखान्यातून परतल्याच्या दिवशीच पाहिले होते, हे त्यांनी मला लिहायला सांगितले. पाहून ते काही बोलले नव्हते, हेही.

परत येताना मी आजीकडे थांबले. वाटणीचा विषय निघाला तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘तिनं नाई मांगितला म्हनून कोनी दिला नाई.’ ती भुसावळच्या मुलीविषयी बोलत होती. ही बाजू मला तोपर्यंत सुचलीच नव्हती. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मुले असताना विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये समान. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही. आजोबांनी मृत्युपत्र केले नव्हते. म्हणजे नऊ एकरांतले तीन आजीचे आणि प्रत्येक मुलाचे दोन-दोन. पाच की चार, निम्मे की कमी, यावर तीन वर्षे अबोला धरणाऱ्या दोघांच्या हिशेबात ज्या दोघींचे मिळून पाच एकर होते, त्या हिशेबात कुठेच नव्हत्या. हक्कसोड पत्र कायद्याने चालते. मुलीला शेत नको असेलही. खुद्द तिला मी विचारलेले नाही, आणि विचारणे माझे कामही नाही. पण तेराव्या वचनातला माणूस ‘माझ्या भावाला सांगा’ म्हणतो तेव्हा त्यांना बहीण होती का, हा प्रश्न मी अठरा वर्षांत वर्गात कधी विचारला नव्हता.

जानेवारीत आप्पा चर्चला येऊ लागले. ओसरीवरची प्रार्थना आजीने एका संध्याकाळी स्वतःच भजन सुरू करून पुन्हा चालू केली. नानांनी ‘यावरून आपण काय शिकतो?’ विचारणे सोडलेले नाही, पण आता वाचन झाल्यावर ते आधी मुलांना प्रश्न विचारू देतात आणि पुष्कळदा तिथेच थांबतात. संडे स्कूलमध्ये आम्ही दोन गोष्टी ठरवल्या: घरचा प्रसंग घरच्यांच्या संमतीशिवाय वर्गात किंवा व्यासपीठावर न्यायचा नाही, आणि हंगामाच्या सणाचा उतारा तेराव्या वचनापासून द्यायचा. पहिल्या ठरावाला सगळ्यांचे एकमत झाले. दुसऱ्याला दोन जणांचा विरोध होता. सणाच्या दिवशी वाटणीचा विषय कशाला, असे त्यांचे म्हणणे, आणि ते इतिवृत्तात नोंदवले आहे.

भाऊ एकमेकांशी बोलतात का, असे मला अजून विचारले जाते. माझ्या माहितीप्रमाणे तोंडाने नाही. वही मात्र फेब्रुवारीत भरली आणि नवी आणली गेली. तिच्यावर रेघा मुलीने आखल्या. शाळेच्या हजेरीपटात पाहिले होते म्हणून तिने शेवटी एक जास्तीचा रकाना काढला आणि त्यावर ‘शेरा’ असे लिहिले. पंधरा दिवस तो कोरा राहिला. मग निळ्या पेनाने लिहिले गेले, ‘एक फेज नव्हता.’ त्याखाली दोन दिवसांनी पेन्सिलने, ‘फ्यूज बदलला. जुना पेटीवर ठेवला आहे.’ मी गेल्या आठवड्यात पाहिली तेव्हा शेवटची नोंद पेन्सिलची होती: ‘फूटव्हॉल्व्ह गळतो. एकट्याने निघत नाही. शनिवारी ये.’